चालतीं ठाणीं

आमच्या घरीं पत्त्यांची एक जुनी वही आहे. तिचीं पानें पिंवळीं पडलीं आहेत आणि शिवण दोनदां बदलून झाली आहे. परंतु ती टाकून देण्याचा धीर घरांत कोणासच होत नाहीं. तिच्यांत आमच्या थोरल्या बंधूंच्या नांवापुढें परवांपरवांपर्यंत सात पत्ते होते. सहा खोडलेले, सातवा न खोडलेला. आणि तो सातवाहि चुकीचा आहे हें आम्हांस ठाऊक होतें. दादांची नोकरी बदलीची. पूर्वीं ते नव्या गांवीं गेले म्हणजे पोंचल्याचें कार्ड येई, आणि आम्ही जुना पत्ता खोडून नवा लिहीत असूं. मधल्या पंधरवड्यांत धाडलेलें पत्र जुन्याच गांवीं जाई. तेथील पोस्टमन ओळखीचा व दयाळू असला तर तें पुढें लावून दिलें जाई, नाहीं तर चार शिक्के अंगावर घेऊन परत येई. हलत्या माणसास गांठण्याची सारी विद्या त्या काळीं दोन गोष्टींवर उभी होती: जाणाऱ्यानें आपण कोठें गेलों तें कळवावें, आणि मागें राहिलेल्यानें जुनी नोंद खोडावी.

ही वही आज आठवण्याचें कारण असें कीं, गेलीं कांहीं वर्षें आम्ही ज्या विषयाच्या नादीं लागलों आहों त्याचें बरेंचसें मर्म या सात पत्त्यांत आहे असें आम्हांस वाटूं लागलें आहे. तो विषय म्हणजे बिनतारी यंत्रांचें आपलें आपण जुळणारें जाळें, ज्यास जाणते लोक ‘मेश’ म्हणतात. आणि त्यांतहि, त्या जाळ्याचीं ठाणीं एका जागीं न राहतां चालूं लागलीं म्हणजे काय होतें, हा प्रश्न. विषय शास्त्राचा आहे आणि आम्ही शास्त्रज्ञ नव्हे. परंतु २०२३ सालच्या भाद्रपदांत हरिश्चंद्रगडाच्या पठारावर या प्रश्नानें आमची जी त्रेधा उडविली, तेव्हांपासून तो आम्हांस परका राहिलेला नाहीं.

आपल्या खिशांतला मोबाइल चालत असतो, धांवत्या गाडींत बसतो, तरी त्यावर येणारा फोन त्यास बरोबर गांठतो. यांत आतां कोणास नवल वाटत नाहीं. तेथील युक्ति तशी सोपी आहे. टॉवर हलत नाहींत. हलतो तो फक्त फोन. तो मधून मधून ‘मी आतां या टापूंत आहें’ असें जवळच्या टॉवरास कळवितो, ती नोंद कंपनीच्या मुख्य वहींत होते, आणि त्यास कोणी बोलाविलें कीं ती वही उघडून पाहिली जाते. एक वही, एक कारकून, आणि पोंचल्याचें कार्ड न चुकतां धाडणारे कोट्यवधि दादा. मेशमध्यें ही वही नाहीं आणि टॉवरहि नाहींत. प्रत्येक यंत्र स्वतःचे निरोप धाडतें आणि दुसऱ्यांचे निरोप पुढें सरकवितें. पत्र लिहिणारें तेंच आणि पोस्टमनहि तेंच. अशीं ठाणीं घरांच्या छपरांवर खिळलेलीं असलीं तर काम सुरळीत चालतें. बर्लिनमध्यें ‘फ्रायफुंक’ नांवाच्या हौशी मंडळींनीं आणि स्पेनच्या कातालोनिया प्रांतांत ‘ग्विफी’च्या मंडळींनीं छपराछपरांवरून अशीं जाळीं विणलीं आणि वर्षानुवर्षें चालविलीं. पण ज्यास पत्र द्यावयाचें तो, जो नेणार तो, आणि वाटेंतला नाका असे तिघेहि एकाच वेळीं चालूं लागले तर पत्राचें काय व्हावें?

हा प्रश्न प्रथम नेटानें हातीं घेतला तो अमेरिकेच्या लष्करी संशोधन खात्यानें. रणांगणावर आधीं टॉवर कोण उभारून ठेवणार? १९७३ च्या सुमारास रॉबर्ट कान यांच्या पुढाकारानें कॅलिफोर्नियांत ‘पॅकेट रेडिओ’चे प्रयोग सुरू झाले, आणि पाववाल्याच्या गाडीसारखी दिसणारी एक व्हॅन यंत्रांनीं भरून सान फ्रान्सिस्कोजवळच्या रस्त्यांवरून फिरूं लागली. २२ नोव्हेंबर १९७७ रोजीं या व्हॅनमधून निघालेले संदेश तीन निरनिराळ्या जाळ्यांतून, उपग्रहाच्या वाटेनें अटलांटिक ओलांडून, पुन्हा कॅलिफोर्नियांतच दुसऱ्या टोकास पोंचले. इंटरनेटच्या जन्मकथेंत ही तारीख आवर्जून सांगतात. आम्हांस त्या कथेंतला उपग्रह तितका मोहवीत नाहीं, जितकी ती व्हॅन मोहविते. ती टेकडीआड गेली कीं तिचे सोबती बदलत. त्या जाळ्याच्या पुढील काळांतल्या व्यवस्थेंत प्रत्येक यंत्र दर ७.५ सेकंदांनीं आपण असल्याची आणि आपल्यास काय ठाऊक आहे त्याची दवंडी पिटी. त्या यंत्रांच्या हिशेबीं साडेसात सेकंदांपूर्वींचें जग म्हणजे शिळें जग.

आतां गडाची हकीकत. ती सहल ठरविली आमचा पुतण्या श्रीधर यानें. उघड हेतु गड पाहण्याचा. आंतला हेतु दादांना आणि आम्हांस एकत्र आणण्याचा. श्रीधर हा दादांचाच मुलगा. २०११ सालीं गांवचें घर विकलें गेलें, तेव्हांपासून आम्हां भावांत भांडण असें नव्हतें, पण बोलणेंहि नव्हतें. सणावारीं ‘कसें काय’ आणि ‘बरें आहे’ एवढ्यावर बारा वर्षें गेलीं होतीं. श्रीधरजवळ काड्याच्या पेटीहून थोडीं मोठीं, आंखूड एरियल असलेलीं तीन यंत्रें होतीं. ‘लोरा’ नांवाच्या पद्धतीनें तीं एकमेकांशीं बोलतात. त्यांस सिमकार्ड लागत नाहीं, कंपनी लागत नाहीं. आपल्या देशांत ८६५ मेगाहर्ट्झच्या वरचा जो अरुंद पट्टा परवान्यावांचून वापरण्यास मोकळा आहे, त्यांत तीं चालतात. यंत्र खिशांतल्या फोनास जोडलें कीं फोनच्या नकाशावर सोबत्यांचे ठिपके उमटतात. एक यंत्र श्रीधरनें घेतलें, एक दादांच्या पाठीवरच्या पिशवीस लाविलें, एक आमच्या. बॅटरी दोन दिवस पुरावी म्हणून प्रत्येक यंत्रानें आपला ठावठिकाणा पाव तासानें एकदांच कळवावा, असें ठरलें. ही सूचना आमची होती हें येथें नमूद करून ठेवितों.

खिरेश्वराहून सकाळीं निघालों. तोलार खिंडींतील वाघाच्या शिल्पापाशीं दादांनीं थांबून नमस्कार केला. पुढें कातळावरचे लोखंडी कठडे धरून वर आलों आणि पठारास लागलों. ज्यांनीं हें पठार पाहिलें आहे त्यांस सांगावयास नको कीं तेथें टेकडीमागून टेकडी येते, एकीसारखी दुसरी, आणि धुकें असलें म्हणजे मंदिर कोणत्या टेकडीपलीकडे आहे हें भल्याभल्यांस कळत नाहीं. त्या दिवशीं धुकें होतें. फोनास रेंज नव्हती. तरुण मंडळी श्रीधरबरोबर पुढें गेली होती, आम्ही उभयतां मध्यें आणि दादा शेवटीं. एका ओढ्यापाशीं दादा खडकावर बसले. त्यांचें वय ६८. गुडघा कुरकुरत होता. ‘तुम्ही व्हा पुढें, मी येतोंच,’ असें ते म्हणाले, आणि आम्ही पुढें झालों. या वर्तनाचें समर्थन आम्ही करीत नाहीं. खिशांत ठिपका आहे, मग माणूस नजरेआड झाला तर काय बिघडलें, असा त्या वेळचा आमचा विचार होता.

दोन टेकड्या ओलांडून आम्ही थांबलों व फोन काढला. दादांचा ठिपका ओढ्यापाशींच होता. ‘बसले आहेत अजून,’ असें आम्हीं सौभाग्यवतींस सांगितलें. दहा मिनिटांनीं पाहिलें, तेथेंच. आणखी दहा मिनिटांनीं पाहिलें, तेथेंच. तेव्हां मात्र मनांत पाल चुकचुकली. इतका वेळ माणूस ओल्या दगडावर कां बसेल? घाईनें मागें फिरलों. ओढ्यापाशीं येतों तों खडक मोकळा. फोन पाहिला तर दादांचा ठिपका आमच्या पायांखालींच. त्यांचा आणि आमचा असे दोन ठिपके एकमेकांवर बसून एकच झाले होते. तो क्षण आम्ही विसरणार नाहीं. यंत्र शपथेवर सांगत होतें कीं दादा येथें आहेत, आणि तेथें पाणी, शेवाळ व धुकें यांवांचून कांहीं नव्हतें. ओढा पुढें कोठें कोसळतो तें पाहावयास आम्ही कांठाकांठानें गेलों. तेथें काय शोधीत होतों तें लिहवत नाहीं.

हांका मारून घसा बसला. श्रीधरला यंत्रावरून निरोप धाडला. सुदैवानें तो मंदिराकडून आमच्याच शोधांत परत येत होता आणि ऐकण्याच्या टप्प्यांत होता. धांवतच आला. त्यानें आमच्या हातांतला फोन घेतला, ठिपक्यावर बोट ठेविलें आणि हळूच म्हणाला, ‘काका, हें केव्हांचं आहे पाहिलंत का?’ ठिपक्याखालीं बारीक अक्षरांत तें लिहिलेलें होतें. एक तासापूर्वींचें. तीं अक्षरें सकाळपासून प्रत्येक ठिपक्याखालीं होतीं. आम्हीं तीं वाचलीं नव्हतीं इतकेंच.

मग तो एक शब्द न बोलतां डावीकडची टेकडी चढूं लागला. या लहरींस टेकडी म्हणजे भिंत; टेकडीच्या माथ्यावर मात्र दोन्हीं बाजूंचें ऐकूं येतें. दादांचें यंत्र पलीकडे कोठें असलेंच, तर तें पुढच्या वेळीं आपला ठिकाणा उच्चारील, श्रीधरच्या यंत्रास तो ऐकूं येईल आणि तें तो आमच्याकडे सरकवील, असा त्याचा हिशेब. पण पुढची वेळ केव्हां? पाव तासाचा कांटा आम्हींच लाविला होता. दहा मिनिटें गेलीं. तीं आम्हीं एक एक करून मोजलीं. आणि एकाएकीं आमच्या पायांखालचा ठिपका उडाला, आणि मंदिराच्या अलीकडे, आमच्यापासून सुमारें एक किलोमीटरवर जाऊन बसला.

दादा एका चहाच्या झोपडींत मांडी घालून बसले होते. आम्ही पुढें जातांच त्यांस दुधाची किटली घेऊन वर निघालेला एक गांवकरी भेटला होता, आणि त्याच्या मागोमाग टेकड्यांच्या पलीकडच्या पायवाटेनें ते आमच्या आधीं येऊन पोंचले होते. चहाचा दुसरा पेला चालला होता आणि झोपडीच्या मालकाशीं भाताच्या जातींविषयीं वाद रंगला होता. श्रीधरनें घडलें तें सांगितलें. ते हंसले. मग आमच्याकडे पाहून म्हणाले, ‘मी चाललोंच होतों रे. तूंच मला त्या दगडावर बसवून ठेवलंस.’

या वाक्याचे अर्थ आम्ही त्या रात्रीं बराच वेळ लावीत होतों. घराच्या व्यवहारासंबंधीं दादांचें जें मत २०११ सालीं होतें, तेंच त्यांचें मत म्हणून आम्ही बारा वर्षें धरून बसलों होतों. तें त्यांनीं केव्हांच सोडून दिलें असल्याचें त्या झोपडींत, दिव्याच्या उजेडांत, सहज बोलतां बोलतां निघालें. पण तो विषय घरचा आहे आणि येथें जाळ्याचा चालला आहे.

जाळ्याविषयीं श्रीधरनें त्या रात्रीं जें सांगितलें, आणि पुढें आम्हीं वाचून जें पडताळून पाहिलें, त्याचा मथितार्थ असा. चालत्या जाळ्यांत वाट तुटते ही खरी अडचण नव्हे, वाटा तुटावयाच्याच. अडचण ही कीं, तुटलेली वाट शाबूत असल्याचें सांगणारे मागें उरतात, आणि ते खोटें बोलत नसतात. समजा, गंगा, भीमा आणि कृष्णा अशीं तीन ठाणीं एका रांगेंत आहेत. कृष्णा भीमेस ऐकूं येते, भीमा गंगेस. भीमा म्हणते, ‘कृष्णा माझ्यापासून एक टप्पा.’ तें ऐकून गंगा आपल्या वहींत लिहिते, ‘कृष्णा दोन टप्पे.’ आतां कृष्णा चालत चालत दूर निघून गेली. भीमेस ती दिसेना. इतक्यांत गंगेची नेहमीची दवंडी आली: ‘मला कृष्णा दोन टप्प्यांवर आहे.’ भीमेस आनंद झाला! गंगेकडून वाट आहे तर. म्हणजे आपल्यापासून तीन टप्पे. तें ऐकून गंगेनें चार केले, त्यावरून भीमेनें पांच. कृष्णा तर केव्हांच गेली आणि या दोघी एकमेकींच्या भरंवशावर आंकडा वाढवीत बसल्या. शास्त्रांत यास अनंतापर्यंतची मोजणी म्हणतात. आमच्या लहानपणीं वाड्यांत अफवा जगत ती याच रीतीनें: इकडची म्हणे तिकडून कळलें, तिकडची म्हणे इकडून कळलें, आणि मूळ माणूस गांवांतच नसे.

खिळलेल्या तारांच्या जाळ्यांत हें संकट क्वचित् येतें. चालत्या ठाण्यांस तें रोजचें. यावर जो उपाय आम्हांस सर्वांत आवडतो तो चार्लस पर्किन्स आणि प्रवीण भागवत या दोघांनीं १९९४ सालीं लंडनच्या परिषदेंत मांडिला. दुसऱ्या नांवापाशीं मराठी वाचकाची नजर क्षणभर थांबेल, तशी आमचीहि थांबली. उपाय असा: कृष्णेविषयींच्या प्रत्येक बातमीवर खुद्द कृष्णेनेंच घातलेला क्रमांक असावा. ती जेव्हां जेव्हां आपली खबर देईल तेव्हां मागील क्रमांकाच्या पुढचा सम आंकडा घालील: दोन, चार, सहा. बातमी दहा हातांतून फिरली तरी तो आंकडा कोणीं बदलूं नये. दोन बातम्या आल्या तर जिचा क्रमांक मोठा ती खरी, मग जुनी बातमी कितीहि जवळची वाट दाखवीत असो. क्रमांक सारखेच असतील तरच जवळची वाट पाहावी. आणि भीमेच्या ध्यानांत आलें कीं कृष्णा हातची गेली, तर तिनें शेवटच्या क्रमांकांत एक मिळवून विषम आंकडा करावा आणि ‘कृष्णा अनंत अंतरावर’ अशी खबर सोडावी. सम आंकडा म्हणजे स्वतःच्या हातचें खुशालीचें पत्र. विषम आंकडा म्हणजे दुसऱ्यानें कळविलेलें अशुभ वर्तमान. गंगेच्या जुन्या ‘दोन टप्प्यां’वर आतां भीमा भुलत नाहीं, कारण तिच्या हातचा विषम आंकडा त्याहून ताजा आहे. पुढें कृष्णा कोठें प्रगट झाली कीं ती त्याहून मोठा सम आंकडा घालिते, आणि अशुभ वर्तमान आपोआप रद्द होतें. सगळा भर एका गोष्टीवर आहे. बातमीची तारीख सांगणाऱ्यानें घालावयाची नाहीं. ज्याच्याविषयीं ती आहे त्यानें घालावयाची.

याहि पद्धतींत उधळपट्टी आहेच. सर्वांनीं सर्वकाळ सर्वांची खबर ठेवावयाची, मग कोणास कोणाशीं बोलावयाचें असो वा नसो. म्हणून दुसरा पंथ निघाला: गरज पडेल तेव्हांच वाट शोधावी. डेव्हिड जॉन्सन व डेव्हिड मॉल्ट्झ यांची एक पद्धत १९९६ सालची. पर्किन्स यांनींच एलिझाबेथ रॉयर यांच्यासह १९९९ सालीं दुसरी मांडिली, ती २००३ सालीं नियमबद्ध झाली. हींत ठाणें आरोळी देतें, ‘अमक्यास कोणी पाहिलें काय?’ आरोळी शेजाऱ्याशेजाऱ्यांतून पसरते, ज्याची चौकशी तो उत्तर देतो, आणि उत्तर ज्या वाटेनें परत येतें तीच वाट ठरते. आम्हांस या पद्धतींतलें विसरण्याचें वेळापत्रक फार उद्बोधक वाटलें. नियमांतील नेहमीच्या आंकड्यांप्रमाणें शेजारी दर सेकंदास ‘आहें’ म्हणतो. दोन वेळां त्याचा आवाज आला नाहीं कीं तो गेला असें समजावयाचें. वाट तीन सेकंद वापरली नाहीं तर तीहि ग्राह्य नाहीं. त्याच वर्षीं नियमबद्ध झालेली फ्रेंच मंडळींची पद्धत पहिल्या पंथाची, सदैव जागी; तिच्यांत शेजाऱ्याची हांक दर दोन सेकंदांनीं, आणि सहा सेकंद ती आली नाहीं कीं नांव पुसलें. आम्ही बारा वर्षें पुसलें नाहीं तें हें यंत्र सहा सेकंदांत पुसतें.

अर्थात् घाईघाईनें पुसावें हेंच खरें, असेंहि नव्हे. पाऊस आला, कोणी आड उभा राहिला, एकदोन हांका हरवल्या, एवढ्यावर शेजाऱ्यास मृत ठरविलें तर जाळें सारा वेळ चौकशी करण्यांत घालवील आणि बोलणें राहून जाईल. किती काळ वाट पाहावी हें चालण्याच्या वेगावर आहे. गडावर दोन माणसें परस्परांपासून उलट दिशांस चाललीं तरी एक किलोमीटर अंतर पडण्यास पांचसहा मिनिटें सहज लागतात. उलट, समोरासमोरून ताशीं ८० किलोमीटरच्या वेगानें येणाऱ्या दोन मोटारी घ्या. त्यांच्या यंत्रांचा टप्पा २०० मीटर असला, तर एकमेकींच्या ऐकण्यांत येऊन, ओलांडून, ऐकण्याबाहेर जाण्यास त्यांस अवघे ९ सेकंद मिळतात. सहा सेकंद वाट पाहून पुसणारी पद्धत तेथें पुसते पुसते तोंच गांठभेट संपलेली असते.

आमच्या पिशवींतल्या यंत्रांत ‘मेश्टॅस्टिक’ नांवाची, २०२० सालीं सुरू झालेली आणि कोणासहि फुकट वापरतां येणारी आज्ञावली होती. तिनें सार्वजनिक निरोपांपुरता या सर्व वादांतून अंग काढून घेतलें आहे. ती वाट लक्षांत ठेवीतच नाहीं. जें ऐकलें तें पुन्हा एकदां उच्चारावें, एवढाच तिचा धर्म. वाट नाहीं, मग ती जुनी होण्याचेंहि भय नाहीं. गोंधळ होऊं नये म्हणून तीन बंधनें आहेत. निरोप किती हातांतून जावा याची मर्यादा असते, ती सामान्यतः तीन. ऐकलेल्या निरोपांच्या खुणा यंत्र कांहीं काळ लक्षांत ठेवितें, म्हणजे तोच निरोप दोनदां उच्चारला जात नाहीं. तिसरें बंधन मोठें मजेचें आहे. निरोप ज्यास क्षीण ऐकूं आला तो लांब असावा असें धरून त्यानें आधीं बोलावें. ज्यास खणखणीत ऐकूं आला त्यानें थांबावें, आणि दुसरा कोणी बोललेला ऐकला तर गप्प बसावें. ज्याच्या कानीं शब्द जेमतेम पडला त्यास पहिला मान, अशी सभा आम्हीं माणसांत पाहिली नाहीं. किंमत मात्र आहे. हवा थोडी आणि तिचा वेग मंद, सेकंदास सुमारें एक किलोबिट. लहानशा निरोपासहि जवळजवळ सेकंदभर ती अडून राहते. शेंकडों यंत्रें एके ठिकाणीं आलीं कीं बोलण्यापेक्षां गलका अधिक. म्हणून २०२५ सालच्या सुधारणेंत एकट्यासाठीं असलेल्या निरोपापुरतें थोडें स्मरण आणलें आहे: मागच्या वेळीं ज्या शेजाऱ्याकडून उत्तर आलें त्याच्याच हातीं द्यावें, आणि तें पोंचलें नाहीं तर पुन्हा सर्वांसमक्ष आरोळी ठोकावी.

येथवर आम्ही हलण्यास संकट म्हणत आलों. पण गडावर आमची सुटका झाली ती श्रीधर हलला म्हणून. तिघेहि जेथल्या तेथें बसून राहिलों असतों तर टेकडी काय बाजूस सरणार होती? या अंगाचाहि विचार शास्त्रज्ञांनीं केला आहे. २००० सालीं पीयूष गुप्त आणि पी. आर. कुमार यांनीं गणितानें दाखविलें कीं स्थिर ठाण्यांचें बिनतारी जाळें जसजसें वाढतें तसतसा प्रत्येकाचा वांटा घटतो. ठाणीं चौपट झालीं तर ज्याच्या त्याच्या पदरीं साधारण निम्मेंच बोलणें येतें, कारण प्रत्येक ठाण्याचा वेळ दुसऱ्यांचे निरोप वाहण्यांत जातो. निष्कर्ष निराशेचा होता. पुढच्याच वर्षीं माथियास ग्रॉसग्लाउझर व डेव्हिड त्से यांनीं त्यास कलाटणी दिली. ठाणीं हिंडतीं असलीं, आणि पत्र आजच पोंचलें पाहिजे असा हट्ट नसला, तर निरोप दहा जणांतून सरकविण्याचें कारण नाहीं; जवळून जाणाऱ्या एकाच्या हातीं द्यावा, तो हिंडतां हिंडतां ज्याचा त्याच्याजवळ गेला कीं देईल. मग वांटा घटत नाहीं. हलणें हेंच वाहन झालें. मात्र थांबण्याची तयारी पाहिजे.

याचे दोन दाखले आम्हांस प्रिय आहेत. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या मंडळींनीं २००४ सालीं केनियांत झेब्र्यांच्या गळ्यांत पट्टे बांधले. झेब्रे भेटले कीं पट्टे आपापल्या नोंदींची अदलाबदल करीत, म्हणजे संशोधकांच्या गाडीस सारे झेब्रे गांठण्याची गरज नसे. जो भेटेल त्याच्या गळ्यांत इतरांच्याहि प्रवासाचा वृत्तांत सांपडे. दुसरा दाखला कर्नाटकांतला. मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यापीठांत निघालेल्या, ‘डाक’ या आपल्याच शब्दावरून ‘डाकनेट’ असें नांव घेतलेल्या योजनेंत दोड्डबळ्ळापूर तालुक्यांत सरकारी बसवर बिनतारी यंत्र बसविलें होतें. बस गांवांतून जातांना तेथील संगणकाचीं जमिनीच्या दाखल्यांविषयींचीं विचारपत्रें उचली, तालुक्याच्या गांवीं टाकी, आणि परतीच्या फेरीस उत्तरें आणून देई. कंबोडियांत तेंच काम मोटारसायकलींनीं केलें. दूध घेऊन गड चढणाऱ्या त्या माणसाच्या किटलीस एखादें यंत्र बांधलेलें असतें तर आमची ती दुपार वांचली असती, असें आम्हांस वाटून जातें.

दादांचा आठवा पत्ता आतां वहींत आहे. तो त्यांनीं स्वतः लिहिला आणि समोर तारीख घातली. तारखेवांचून कांहींच लिहावयाचें नाहीं ही त्यांची कचेरींतली संवय. २०२४ सालच्या मार्गशीर्षांत आम्ही पुन्हा तिघे राजमाचीस गेलों. या वेळीं त्यांनीं श्रीधरास बजावून आपलें यंत्र दर मिनिटास बोलेल असें करून घेतलें. ‘तुझ्या काकाला संशय नको,’ असें ते म्हणाले. दर मिनिटास बोलणाऱ्या यंत्राचें जें होतें तेंच त्याचें झालें. दुपारीं तीनच्या सुमारास आम्ही कोंढाण्याच्या लेण्यांच्या वाटेनें उतरत असतां सहज फोन काढून पाहिला. दादांचा ठिपका वर उधेवाडींतच होता. या खेपेस आम्हीं खालचीं बारीक अक्षरें वाचलीं. बॅटरी संपून दोन तास झाले होते. दादा आमच्या पुढें चार पावलांवर, काठी टेकीत, उधेवाडीच्या तांदळाविषयीं बोलत उतरत होते.